शिंगाळा आणि अ‍ॅरिस्टॉटल

अंजनवेलला वाशिष्ठी समुद्राला मिळते. या किनाऱ्याचा शिंगाळा तळाशी वावरणारा. त्याचा नर गोटीएवढी अंडी तोंडात धरतो, पिल्लं होईतो जवळजवळ उपाशी राहतो. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवणारच. ‘ग्लानिस’ माशाचा नर अंडी राखतो, असं त्यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलं. युरोपातल्या पंडितांना पटेना. त्यांच्या नद्यांतला मासा तसा वागताना त्यांना दिसला नव्हता ना! १८५० च्या दशकात लुई आगासीनं ग्रीसच्या अखेलोस नदीतले मासे तपासले. ती जातच निराळी निघाली. तिचं शास्त्रीय नाव आज सिल्युरस अ‍ॅरिस्टॉटेलिस. आपल्याकडे तर कोळ्यांना हे आधीपासून ठाऊक. तरीही १९८० च्या दशकात कर्नाटक किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी अंडीवाले नर टनावारी ओढले, अंड्यांसकट.