शाबिया गृहवसाहती, अल ऐन

संयुक्त अरब अमिरातींतील अल ऐन या मरूद्यान-नगरात शासनाने नागरिकांसाठी उभारलेल्या, बहुधा एकमजली व भोवती भिंत असलेल्या घरांच्या वसाहती. शेख झायेद १९६६ मध्ये अबू धाबीचे शासक झाल्यानंतर तेलाच्या उत्पन्नातून अशी घरे बांधली गेली आणि तंबूंत किंवा अरीश म्हणजे खजुरीच्या झावळ्यांच्या घरांत राहणारी कुटुंबे त्यांत स्थिरावली.

सर्वांना एकाच नमुन्याचे घर मिळाले; मात्र रहिवाशांनी ते आपल्या चालीरीतींप्रमाणे पालटून घेतले. अंगणातील स्त्रियांवर बाहेरची नजर पडू नये म्हणून भिंत उंच केली, पुरुष पाहुण्यांसाठी फाटकालगत मजलिस म्हणजे बैठकीची खोली काढून तिला वेगळे दार ठेवले, मोकळ्या जागेत विवाहित मुलासाठी खोली वाढवली आणि लोखंडी फाटक हौसेने रंगवले. हे फेरफार म्हणजे बांधकामाची विटंबना नसून रहिवाशांचे गृहरचनाकौशल्यच होय. २०१६ च्या व्हेनिस वास्तुकला द्वैवार्षिकीत अमिरातींच्या दालनाचा हाच विषय होता.

अल ऐनमध्ये इमारतींच्या उंचीवर निर्बंध असल्याने तेथे गगनचुंबी वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. मुंबईत मात्र वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौ. फुटांच्या खोल्यांतून २०२५ मध्ये बहुमजली इमारतींतील ५०० चौ. फुटांच्या सदनिकांत गेलेल्या कुटुंबांना जागा व स्वतंत्र शौचालय मिळाले. परंतु अशा इमारतीत शाबिया घरांप्रमाणे घराला खोली जोडण्याची सोय उरत नाही.