डावललेली बढती आणि लोखंडी नांगर

तर मंडळी, गेल्या महिन्यात आमच्याकडे अप्रेझलचा निकाल लागला. बढती माझीच, असं मी (आणि बहुतेक फक्त मीच) धरून चाललो होतो. मिळाली दुसऱ्याला. त्याच रात्री राजीनाम्याचा मेल लिहिला, ड्राफ्टमध्ये ठेवला आणि दोन दिवस रजा जोडून घरी, भंडारा जिल्ह्यात गेलो. बाबांना म्हटलं, "नोकरी सोडतो, स्वतःचं काहीतरी करतो." धानाच्या बांधीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "मंग करशील काय?"

उत्तर नव्हतं. गोठ्यात आजोबांचा लाकडी नांगर अजून पडून आहे. तो बघून लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

त्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. जन्म १८६९, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे.मध्ये गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं आणि ते स्वप्न संपलं. मग यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

इथपर्यंत वाचून माझी छाती फुगते. पण पुढचं आपण घाईत वाचतो.

एक तर ते रिकाम्या हाताने बाहेर पडले नाहीत. बेळगावात भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचा धंदा होता. किर्लोस्कर ब्रदर्सच्या स्थापनेचं वर्ष १८८८ धरतात, ते याच सायकलींमुळे. दुसरं म्हणजे, राग आला होता बढतीचा, पण त्यांनी बनवलं काय? कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर! म्हणजे अडचण निवडली ती शेतकऱ्याची, स्वतःची नाही.

आणि तो शेतकरी काही वाट बघत बसला नव्हता. लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी समजूत होती. शिवाय (हा माझा तर्क) लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून द्यायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे लागणार, आणि फाळ तुटला तर जायचं कुठे? आपल्या भाषेत सांगायचं तर सपोर्ट नाही! पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली. बढतीचा राग दोन वर्षं पुरत नसतो हो. तिथे वेगळंच काहीतरी लागतं.

त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली, १९२६ मध्ये पंप आले. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. ज्या संस्थेत ते शिकवत होते, तिथे प्रवेश मिळावा म्हणून मुलं आजही रात्र-रात्र जागतात, ही त्यातली गंमत.

म्हणजे वैतागाने माणूस खुर्चीतून उठतो, एवढं खरं. पण उठून जायचं कुठे, हे वैताग सांगत नाही. त्यासाठी हाताशी आधीपासून चालू असलेलं काहीतरी लागतं, दुसऱ्याची अडचण समजावी लागते, आणि एखादा पंतप्रतिनिधी भेटायला नशीबही लागतं.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. डिलीट केलेला नाही, पाठवलेलाही नाही. पुढच्या खेपेला घरी जाईन तेव्हा दिवसभर बाबांबरोबर बांधीत राहायचं ठरवलंय. माझी तक्रार त्यांना सांगून झालीच आहे, आता त्यांची ऐकतो.

असो. सोमवार आला, भेटू पुढच्या वीकेंडला.