दोन सेंटिमीटरच्या माणसांची दुनिया

छोटी आगगाडी रुळांवरून धावू लागली की मुलांचे समाधान होते. छंदिष्टांचे खरे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. ही गाडी कोठून येते, कोणासाठी थांबते, फलाटावर तिची वाट कोण पाहत आहे, याची उत्तरे डोंगर, पूल, घरे आणि माणसे यांच्या प्रतिकृतींतून द्यावी लागतात. 'मॉडेल रेल्वे' या छंदाला कलेचा दर्जा लाभला तो या दृश्यरचनेमुळेच.

प्रमाणाचे गणित

जगभर सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण 'एचओ' म्हणजे १:८७. या प्रमाणात सहा फुटांचा माणूस सुमारे दोन सेंटिमीटरचा होतो, तर एक किलोमीटरचे अंतर साडेअकरा मीटर भरते. घरातल्या खोलीत एवढी जागा मिळणे कठीण. त्यामुळे अंतराचा आभास निर्माण करावा लागतो. मागील भिंतीवर आकाश व डोंगररांगा रंगवणे, दूरची घरे मुद्दाम लहान करणे आणि रूळ बोगद्यात किंवा टेकडीआड वळवणे, या त्यासाठीच्या प्रचलित युक्त्या आहेत.

डायनासोरचे शंटिंग

या कलेतील सर्वांत गाजलेले नाव अमेरिकेतील जॉन अ‍ॅलन (१९१३-१९७३) यांचे. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या अ‍ॅलन यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे घराच्या तळघरात 'गोरी अँड डिफीटेड' ही काल्पनिक रेल्वे उभारली. तिच्या नावातच 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा श्लेष होता. जमिनीपासून छतापर्यंत भिडणारे कडे, खोल दऱ्या आणि दृश्य दुप्पट भासवणारे छुपे आरसे ही या रचनेची वैशिष्ट्ये. कोरी करकरीत खेळणी त्यांना खोटी वाटत. इंजिनांवर काजळी, पत्र्यांवर गंज आणि भिंतींवर उन्हापावसाच्या खुणा रंगवण्याची प्रथा रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एवढ्या वास्तव जगात डबे ओढण्याचे काम मात्र 'एम्मा' नावाची स्टेगोसॉरस करीत असे. भोवतालचे सारे खरे वाटत असल्यामुळेच हा विनोद खुलत असे.

जानेवारी १९७३ मध्ये, काम पूर्ण होण्यापूर्वीच अ‍ॅलन यांचे हृदयविकाराने निधन झाले. अवघ्या दहा दिवसांनी घराला आग लागली आणि या रचनेचा बहुतांश भाग नष्ट झाला. ती आज ओळखली जाते ती मुख्यतः त्यांनीच टिपलेल्या छायाचित्रांमुळे. लिन वेस्टकॉट यांनी सिद्ध केलेले त्यांच्यावरील पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हॅम्बुर्ग ते पुणे

तळघरातील हा छंद पुढे सार्वजनिक झाला. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे फ्रेडरिक व गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये 'मिनिआटूर वुंडरलांड' सुरू केले. तेथे दर पंधरा मिनिटांनी दिवस व रात्रीचे चक्र पूर्ण होते आणि प्रेक्षकांनी बटण दाबताच एखादे दृश्य सजीव होते. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून साकारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले.

नवोदितांनी आरंभी एक चौरस फुटाचा तुकडा घ्यावा आणि त्यावर एकच प्रसंग मांडावा. गाडी चुकलेला प्रवासी, त्याची पेटी आणि दूर जाणारा शेवटचा डबा एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. आणि काम झाल्यावर त्याचे छायाचित्र काढून ठेवण्यास विसरू नये.