चीवर आणि नित्याच्या वस्तूंचे भान

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि राजधान्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. विनयपिटक वाचणाऱ्यास मात्र वस्त्र, सुई, पात्र आणि पाणी यांचीच चर्चा जागोजागी आढळते. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी चालणे, खाणेपिणे, चीवर परिधान करणे, इतकेच नव्हे तर मलमूत्रविसर्जन हाही जागृतीचा विषय मानला आहे. ज्या गोष्टींना अन्यत्र विटाळ चिकटविण्यात आला, त्यांना धम्माने साधनेत स्थान दिले. एकट्या चीवराचा इतिहास पाहिला तरी याची साक्ष पटते.

महावग्गात अशी हकीकत आहे की, मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदांना तशाच आकृतीचे चीवर शिवण्यास सुचविले. शेतकऱ्याच्या श्रमाची ही नित्याची खूण भिक्खूच्या अंगावर आली.

चुल्लवग्गातील प्रसंग महापरिनिर्वाणानंतरचा आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना ५०० वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचा भिक्खू व्यापार करणार की काय, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटली जातील. जुन्या चीवरांची पांघरुणे होतात, त्यांच्या पुढे गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी व धूळ झटकण्याची फडकी. शेवटी त्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन सारवली जाते. राजाने प्रसन्न होऊन आणखी ५०० वस्त्रे दिली. दात्याच्या श्रमाचा एक धागाही वाया जाऊ न देणे, हीच त्या काळच्या संघाची नीती होती.

आपल्या महाराष्ट्रातही याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. दरमहा शेकडा १ या दराने वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. हिशेब तंतोतंत जुळतो. ज्यांच्या हातमागावर कापड निघे, त्यांच्याच श्रेणीवर संघाच्या वस्त्राचा विश्वास होता.

याच्या उलट बाजू पाहावी. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरील वस्त्रे नेमून दिली. स्मशानातील चिंध्या भिक्खूही वेचीत व त्यांचे पांसुकूल चीवर करीत. परंतु ते स्वेच्छेने घेतलेले व्रत होते आणि गृहस्थाने दिलेले वस्त्र घेण्याची त्यांना मोकळीक होती. कापड तेच, पण एके ठिकाणी सक्तीचा कलंक आणि दुसरीकडे मुक्त निवड! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या प्रसंगी बाबासाहेबांनी स्त्रियांना हीनतेची खूण ठरलेला पेहराव टाकून देण्यास सांगितले. लुगडे नेसण्याची रीत ही त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हती. माणसाचा दर्जा अशाच नित्याच्या गोष्टींतून हिरावला जातो आणि त्यांतूनच तो परत मिळवावा लागतो.

विहारातील सतरंजी झटकताना किंवा पांढरे वस्त्र धुताना उपासक-उपासिकांनी हा इतिहास आठवावा. सम्यक स्मृतीचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.