रात्री दहानंतरची गाणी

रेडमंडहून सिअ‍ॅटलकडे जाताना गाडीतला रेडिओ ९०.३ वर ठेवला की ‘केईएक्सपी’ लागतं आणि ९९.९ वर नेला की ‘केआयएसडब्ल्यू’. निव्वळ हेवी मेटलचा एकेक कार्यक्रम दोघांकडेही आहे: पहिल्याकडे ‘सीक अँड डिस्ट्रॉय’, दुसऱ्याकडे ‘मेटल शॉप’. मायक्रोसॉफ्टमुळे रेडमंडमध्ये मराठी घरं भरपूर, त्यामुळे ‘हे काय लावलंयस?’ हा प्रश्न मागच्या सीटवरून मराठीतही विचारला जातो. तो प्रश्न बाजूला ठेवून वेगळा विचारावासा वाटतो. हा प्रकार रेडिओवर आला कसा, आणि नेहमी रात्रीच का?

गाणी कर्कश, म्हणून रात्री, असं वाटतं खरं. पण अशा कार्यक्रमांची पत्रिका मांडली ती सरकारी नियमांनी, आणि त्यातला एकही नियम संगीताबद्दल नव्हता.

पहिला नियम १९६४चा. तोवर अमेरिकेत एफएम म्हणजे दुर्लक्षित मालमत्ता. ज्याचं एएम केंद्र चालायचं तो तेच कार्यक्रम एफएमवरही सोडून द्यायचा. दळणवळण आयोगाने ठरवलं, की लाखावर वस्तीच्या शहरांत एफएमने निम्मा वेळ तरी स्वतःचं काही वाजवलंच पाहिजे. मालकांनी आरडाओरडा केला, अंमलबजावणी लांबली, आणि अखेर १९६७च्या जानेवारीत नियम लागू झाला. आता भरायला तास होते आणि खर्चायला पैसे नव्हते. मग ज्यांच्याकडे स्वतःच्या रेकॉर्डी होत्या आणि जे कमी पगारात रात्र काढायला तयार होते, अशा पोरांच्या हाती माईक आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘केएमपीएक्स’वर टॉम डोनाह्यू अल्बममधली लांबलचक गाणी वाजवू लागला. १९७० साली ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा पहिला अल्बम आला, तेव्हा एएमच्या तीन मिनिटांच्या साच्यात न बसणाऱ्या गाण्यांसाठी जागा तयार होती.

९९.९चा इतिहास तर गमतीचा आहे. १९५०पासून तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजायचं. १९६९मध्ये ते विकत घेणाऱ्यांत सिनेमातला विनोदी नट डॅनी के होता, आणि १९७१पर्यंत तिथे रॉक आलं. सिम्फनी ऐकायला एफएमचा सेट घेतलेल्यांनी तेव्हा काय केलं असेल, याची कल्पना करायला मला आवडतं.

रॉक दिवसभर वाजू लागलं, मेटल मात्र दाराबाहेरच राहिलं. त्याला वेगळा कप्पा देण्याची चाल आधी इंग्लंडमध्ये रुजली. बीबीसी रेडिओ १वर १९७८पासून दर शुक्रवारी रात्री टॉमी व्हान्सचा ‘फ्रायडे रॉक शो’ लागायचा. अमेरिकेत १९८२मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘केयूएसएफ’वर रॉन क्विंटानाने ‘रॅम्पेज रेडिओ’ सुरू केला. हाच तो क्विंटाना, ज्याने आपल्या मासिकासाठी काढलेल्या नावांच्या यादीतून लार्स उलरिकने आपल्या बँडसाठी ‘मेटालिका’ उचललं. १९८४मध्ये चार्ली केंडॉलचा ‘मेटलशॉप’ देशभरच्या केंद्रांना तयार कार्यक्रम म्हणून मिळू लागला. जाहिरातदार बिथरू नयेत म्हणून केंद्रं असा माल मध्यरात्रीकडे ढकलत. पुढे कायद्यानेही तीच वेळ पक्की केली: १९९५पासून असभ्य मानला जाणारा मजकूर रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्यातच चालतो. गाण्यात शिव्या असतील तर घड्याळ बघायचं.

९०.३चं, म्हणजे डायलच्या डाव्या टोकाच्या केंद्राचं, कूळ निराळं. ८८ ते ९२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा १९४५पासून बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे. तिथेच १९७२मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ‘केसीएमयू’ काढलं, अवघ्या दहा वॉटचं. ऐंशीच्या दशकात तिथे गाणी लावणाऱ्यांत साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल होता, मडहनीचा मार्क आर्म होता आणि सब पॉप कंपनी उभी करणारे ब्रूस पॅव्हिट व जोनाथन पोनमन होते. रात्री माईकवर बसणारेच दिवसा बँड आणि रेकॉर्ड कंपनी चालवत होते. २००१मध्ये पॉल अ‍ॅलनच्या संग्रहालयाने हात दिला आणि त्याचं ‘केईएक्सपी’ झालं. मायक्रोसॉफ्टच्या या सहसंस्थापकाचा पैसा त्यामागे होता.

तरी रेडमंडच्या बाजूचं मेटल रेडिओची वाट बघत बसलं नव्हतं. शेजारच्या बेलव्ह्यूतल्या क्वीन्सराइक या बँडची डेमो कॅसेट तिथल्याच रेकॉर्डच्या दुकानदार दांपत्याने मनावर घेतली, विलायतेतल्या ‘केरँग!’ मासिकाने तिचं कौतुक केलं, आणि १९८३मध्ये दुकानदारांनी स्वतःच्या ‘२०६ रेकॉर्ड्‌स’वर ती गाणी काढली. त्याच वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने बँडला करारबद्ध केलं. रेडिओबाहेरची आणखी एक वाट रेडमंडमध्येच होती: १९९२मध्ये तिथल्या जुन्या अग्निशमन केंद्रात ‘ओल्ड फायर हाउस’ हे किशोरांचं केंद्र चालू झालं. सिअ‍ॅटलमध्ये तेव्हा पोराटोरांच्या कार्यक्रमांवर जाचक नियम होते, म्हणून मॉडेस्ट माउससारखे बँड नगरपालिकेच्या या जागेत वाजवायला येत.

दोन कार्यक्रमांत डावं-उजवं करायचंच तर माझं मत असं: केआयएसडब्ल्यूवर मेटल घरचाच मुलगा आहे, फक्त उशिरा घरी येणारा, केईएक्सपीवर तो मान असलेला पाहुणा आहे. केआयएसडब्ल्यूचे श्रोते दिवसभर रॉक ऐकूनच आलेले असतात, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. केईएक्सपीवर आधी कुठल्यातरी आफ्रिकी बँडचं गाणं संपलेलं असतं, त्यामुळे निवेदकाला आपली बाजू मांडावी लागते. गाण्यांची निवड त्याची स्वतःची, आणि वाजलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद लगेच श्रोत्यासमोर. मी केईएक्सपीच्या बाजूने आहे. १९९६च्या कायद्याने एका कंपनीला देशभर कितीही केंद्रं घ्यायची मुभा दिली, तेव्हापासून व्यापारी केंद्रांवर निवेदकाच्या हाती फार थोडं उरलं. तिथे ‘मेटल शॉप’सारखा स्थानिक बँडना विचारणारा कार्यक्रम टिकला, याचं श्रेय मात्र द्यायलाच हवं.

आपल्याकडे भारतात हे रोप का धरलं नाही, याचंही उत्तर नियमांतच सापडतं. खासगी एफएमचे पहिले परवाने लिलावाने गेले आणि शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारं. तेवढा पैसा वसूल करायचा तर हिंदी सिनेमाची गाणी! मुंबईत २००२मध्ये ‘गो ९२.५’ने इंग्रजी गाण्यांचा डाव मांडला, पण पुढे त्याचं ‘रेडिओ वन’ झालं. २००५पासून शुल्क उत्पन्नाच्या चार टक्क्यांवर आलं, तोवर सवय लागून गेली होती. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ सुरू झालं, पण दहा वॉटच्या खोलीत विद्यार्थ्यांना मोकळं सोडण्याची पन्नास वर्षांची परंपरा आपल्याला मिळाली नाही.

केईएक्सपी इंटरनेटवर पुण्यातही लागतं, आणि चुकलेला कार्यक्रम दोन आठवडे मागे जाऊन ऐकता येतो. त्यापलीकडे परवान्याची अट आड येते. रेडमंडला उन्हाळ्यात रात्रीचे दहा वाजून शिव्यांना मोकळीक मिळते, तेव्हा सदाशिव पेठेत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा झालेले असतात आणि स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी होत असते.