चौघांचा मेळ, दोघांच्या सह्या

मँचेस्टर हें नांव कानीं पडलें कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें कापडाच्या गांठी उभ्या राहतात. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ पासून १८६५ पर्यंत, मुंबईचा कापूस या शहराच्या गिरण्यांकडे धांवला आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. पुढें स्वदेशीच्या चळवळींत याच शहराच्या कापडाच्या होळ्या पेटल्या. परंतु ज्या मँचेस्टरशीं आपल्याला येथें कर्तव्य आहे तें १९८२ सालचें. गिरण्यांचीं धुराडीं बहुतेक थंड पडलेलीं, आणि त्या वर्षाच्या जानेवारींत ब्रिटनमधील बेकारांचा आंकडा ३० लाखांवर गेलेला. योगायोग असा कीं, त्याच जानेवारीच्या १८ तारखेस मुंबईच्या गिरणी कामगारांचा तो प्रचंड संप सुरू झाला, ज्यांतून गिरणगांव पुन्हां पहिल्यासारखें उभें राहिलेंच नाहीं. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध जोडण्याचें प्रयोजन नाहीं. पण गिरणी बंद पडल्यावर गिरणीच्या गांवांतील तरुणानें आपल्या वेळेचें करावें काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. मँचेस्टरच्या चार तरुणांनीं त्याला जें उत्तर दिलें, त्याचें नांव 'द स्मिथ्स'.

या गायकवादकांच्या मंडळीची गणना 'इंडी' संगीतांत होते. हा शब्द 'इंडिपेंडंट' या शब्दाचें लाडकें रूप आहे, आणि आरंभीं तरी त्याचा अर्थ सुरांशीं नव्हे, व्यापाराशीं निगडित होता. ध्वनिमुद्रिका काढावयाची ती बड्या कंपन्यांच्या आश्रयानेंच, हा समज मोडण्याचें श्रेय मँचेस्टरलाच बरेंचसें द्यावें लागेल. १८१९ सालीं ज्या सेंट पीटर मैदानावर निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घालण्यांत आले, त्याच जागेवर पुढें फ्री ट्रेड हॉल बांधला गेला. त्याच्या धाकट्या सभागृहांत ४ जून १९७६ रोजीं 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या मंडळीचा कार्यक्रम झाला. श्रोते मूठभर, पण त्या मुठींतून पुढें अनेक मंडळ्या निघाल्या. तो कार्यक्रम घडवून आणणाऱ्या 'बझकॉक्स'नीं ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्यें आपली छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. श्रोत्यांत स्टीव्हन मॉरिसी नांवाचा सतरा वर्षांचा एक लाजाळू मुलगाही होता. घरीं जाऊन त्यानें काय केलें? एका संगीत साप्ताहिकास पत्र लिहिलें! पुढील पांचसहा वर्षें तो बहुतेक पत्रेंच लिहीत राहिला. मध्यंतरीं त्यानें कारकुनी करून पाहिली, इस्पितळांत हमाली केली. दोन्हींत मन रमलें नाहीं. आई ग्रंथालयांत काम करी. मुलाची खोली पुस्तकांनीं भरली, आणि वह्या कवितांनीं.

शहराच्या दुसऱ्या टोकास, वायथनशॉ या वसाहतींत, जॉनी मार हा मुलगा गिटार घेऊन बसला होता. वय अठरा. कापडाच्या दुकानांत नोकरी होती, बोटांत सूर भरपूर होते, पण शब्द नव्हते. त्याचा स्नेही जो मॉस हाही कपड्यांचाच व्यापारी. त्याच्यामुळें जॉनीला अमेरिकेंतील लीबर व स्टोलर या जोडीवरील एक माहितीपट पहावयास मिळाला. लीबरनें म्हणे अनोळखी स्टोलरच्या दारावर जाऊन थाप मारली आणि त्यांतून गीतकार व संगीतकार यांची ती विख्यात जोडी जमली. जॉनीनें कथेचा बोध शब्दशः घेतला. १९८२ सालीं एके दिवशीं तो स्ट्रेटफर्ड भागांतील किंग्ज रोडवर गेला आणि मॉरिसीच्या दारावर उभा राहिला.

ही गोष्ट इतकी नाटकी आहे कीं ती रचलेली असावी असा संशय येतो. पण नाट्य तींत आपोआप आलेलें नाहीं. जॉनीनें तें जाणूनबुजून आणलें. इतिहासांत अनुकरणाला आपण कमी लेखतों. एका थोर उदाहरणाची नक्कल करण्याचें धाडस अठराव्या वर्षीं होणें, हीही प्रतिभाच म्हटली पाहिजे. तेवीस वर्षांचा हा एकलकोंडा कवि पोराला दारांतूनच परत लावूं शकला असता. त्यानें आंत घेतलें. थोड्याच दिवसांत शब्द आणि सूर यांची जोडी जमली.

मॉरिसीनें मंडळीसाठीं नांव सुचविलें तें मुद्दाम अतिसामान्य. स्मिथ हें इंग्लंडमधील सर्वांत प्रचलित आडनांव; मूळ अर्थ लोहार. त्या काळच्या इतर मंडळ्या लांबलचक, गूढ नांवें धारण करीत असतां या चौघांनीं आपल्याकडील 'पाटील मंडळी'सारखें नांव घ्यावें, यांत विनयापेक्षां खोडसाळपणाच अधिक होता. शिवाय हे चौघेही आयरिश स्थलांतरितांच्या घरांतले. तेव्हां इतकें अस्सल इंग्रजी नांव त्यांनीं घ्यावें, यांतली गंमत वाचकांच्या ध्यानांत येईलच. ढोल वाजविण्यास माइक जॉइस आला. ४ ऑक्टोबर १९८२ रोजीं 'रिट्झ' नृत्यगृहांत, दुसऱ्याच मंडळीच्या कार्यक्रमाची सुरुवात म्हणून, त्यांचें पहिलें वादन झालें. त्यानंतर लवकरच जॉनीचा शाळासोबती अँडी रूर्क हा मंद्र स्वराच्या बेस गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली.

'ई.एम.आय.' या बलाढ्य कंपनीनें त्यांचें चांचणीमुद्रण करविलें आणि नकार दिला. मग मॉसच्या पैशानें स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओंत 'हँड इन ग्लव्ह' हें गाणें मुद्रित झालें. फीत घेऊन जॉनी व रूर्क लंडनला 'रफ ट्रेड'कडे गेले. जेफ ट्रॅव्हिस यानें १९७६ सालीं ध्वनिमुद्रिकांचें दुकान म्हणून सुरू केलेली आणि १९७८ पासून स्वतः मुद्रिका काढणारी ही संस्था. ट्रॅव्हिसनें फीत ऐकली, आणि मे १९८३ मध्यें मुद्रिका बाजारांत आली. सर्वसाधारण यादींत तिची दखल लागली नाहीं. पण त्याच महिन्यांत बी.बी.सी.च्या जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठीं मंडळीनें चार गाणीं मुद्रित केलीं, आणि रात्रीं उशिरां रेडिओ ऐकणाऱ्या मुलांनीं हें नांव लक्षांत ठेवलें.

आतां त्या सहीकडे वळूं. १९८३ च्या उन्हाळ्यांत 'रफ ट्रेड'शीं करार झाला. मंडळी चौघांची, परंतु करारावर मंडळीच्या वतीनें सह्या दोनच: मॉरिसीची आणि जॉनीची. गाणीं या दोघांचीं, म्हणून गाण्यांच्या लेखनाचें उत्पन्न त्यांचें, याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण वादनाच्या व मुद्रिकांच्या नफ्याचें काय? शेंकडा चाळीस-चाळीस दोघांना व दहा-दहा उरलेल्यांना अशी वांटणी चालू राहिली, आणि ती कोणी कोणास कधीं स्पष्ट सांगितली, हें कागदावर आलें नाहीं. १९८७ मध्यें मंडळी मोडल्यावर रूर्कनें ठराविक रक्कम घेऊन हक्क सोडला. जॉइस मात्र न्यायालयांत गेला, आणि डिसेंबर १९९६ मध्यें लंडनच्या उच्च न्यायालयानें त्याला चौथा हिस्सा दिला. आधार होता १८९० च्या भागीदारी कायद्याचा: वेगळा करार सिद्ध होत नसेल तर भागीदारांचा वांटा समान. आपल्याकडील १९३२ च्या कायद्यांतही हेंच तत्त्व आहे. मॉरिसीचें अपीलही १९९८ मध्यें फेटाळलें गेलें.

शब्द व सूर रचणारा मोठा, कीं तें जिवंत करून वाजविणारा मोठा, हा वाद आपल्या नाटकमंडळ्यांनाही अपरिचित नाहीं. माझें मत विचाराल तर, न्याय झाला तो योग्यच झाला. रूर्कच्या स्वरावलीवांचून हीं गाणीं अर्धीं राहिलीं असतीं. मे २०२३ मध्यें तो वारला, तेव्हां हें पुष्कळांनीं मोकळेपणानें कबूल केलें.

करारानंतरची चढण मात्र वेगवान. 'धिस चार्मिंग मॅन' ऑक्टोबर १९८३ मध्यें निघालें व यादींत २५ व्या क्रमांकास पोंचलें. नोव्हेंबरांत दूरदर्शनच्या पडद्यावर मॉरिसी ध्वनिक्षेपकाऐवजीं ग्लॅडिओलसचा गुच्छ हातांत हलवीत गायिला. पहिला संग्रह दोनदां मुद्रित करावा लागला: ट्रॉय टेटनें केलेलें काम बाजूस ठेवून जॉन पोर्टरनें तें नव्यानें केलें. फेब्रुवारी १९८४ मध्यें तो निघाला आणि दुसऱ्या क्रमांकावर गेला. तरी जाणत्यांस रेडिओवरचीं साधीं मुद्रणेंच अधिक गोड वाटत. तीं त्याच नोव्हेंबरांत 'हॅटफुल ऑफ हॉलो' या नांवानें एकत्र झालीं. मुद्रिकांच्या वेष्टनांवर यांनीं सहसा आपले चेहरे छापले नाहींत. जुन्या चित्रपटांतील चित्रें घातलीं.

फेब्रुवारी १९८५ मध्यें दुसरा संग्रह निघाला. त्याच्या नांवांतच मांसाहाराला हत्या म्हटलेलें होतें, आणि इंग्लंडच्या बाजारांत तो पहिल्या क्रमांकावर बसला. जो मॉस १९८३ च्या अखेरीसच बाहेर पडला होता. त्याच्या जागीं टिकेल असा व्यवस्थापक मंडळीला मिळाला नाहीं. व्यवहाराची पुष्कळशी दगदग जॉनीच्याच गळ्यांत पडली. त्या वेळीं त्याचें वय एकवीस होतें.