‘पूर्वनेम’ या शब्दावरील तळटीप
पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद नि लेखणी मांडणाऱ्या चिमूरकडच्या वाचकाला ‘पूर्वनेम’ म्हणजे कपाळीचा लेखच वाटेल; तसे समजू नये. प्रारब्धामागे माणसाचे स्वतःचे कर्म असते. स्कॉटिश चर्चने १६४७ साली स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रातला पूर्वनेम म्हणजे कोणाला तारायचे याची निवड; ती मात्र देवाने माणसाचे पुढचे वर्तनही जमेस न धरता केलेली. मग उपदेश कशाला, ही शंका रास्त आहे. शेवट नेमला तसे साधनही नेमले, आणि उपदेश हेच ते साधन, असे या परंपरेचे उत्तर. तर्काला ते पुरते; मनाला पुरत नसावे, कारण १८९२ मध्ये याच परंपरेतल्या फ्री चर्चने अधिकृत निवेदन काढले, की स्वतःचे पाप विचारात न घेता कोणाचा नाश नेमलेला आहे, असे आपण शिकवीत नाही.